पाडलेल्या नाचघरात पुन्हा नाच

२६ मे २०२१ रोजी गूगलचं पान उघडणाऱ्यांना नेहमीच्या अक्षरांच्या जागी एक नाचघर दिसलं. बँड वाजतोय, जोडपी नाचताहेत आणि ठेक्यावर नेमकं बटण दाबलं की नाच पुढं सरकतोय, असा तो छोटासा खेळ होता. पडद्यावरचं नाचघर खरोखरच्या एका जागेवरून घेतलेलं होतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं ते सॅवॉय बॉलरूम. १९५८ साली त्याला टाळं लागलं, पुढच्या वर्षी इमारत पाडली गेली आणि त्या जागी राहत्या घरांचे उंच ठोकळे उभे राहिले.

गूगलचा खेळ दोन-चार मिनिटांचा. पण नाहीशी झालेली नाचघरं संगणकातल्या आभासी जगात पुन्हा बांधण्याचा उद्योग गेली पंचवीसेक वर्षं चालू आहे. त्यात प्राध्यापक आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत, आणि रात्र-रात्र जागून खांब-कमानी रचणारे हौशी तर भरपूर. त्यातल्या काही जागांत नाचाचे वर्गही भरतात. भिंती उभ्या राहतात, त्या काळचे कपडे मिळतात, गाणी वाजतात. प्रश्न उरतो तो नाचाचा: तो त्या भिंतींपाठोपाठ किती येतो?

सॅवॉयचंच उदाहरण घेऊ. १२ मार्च १९२६ रोजी लेनॉक्स ॲव्हेन्यूवर ते सुरू झालं. १४० आणि १४१ क्रमांकांच्या रस्त्यांमधली अख्खी लांबी त्याने व्यापली होती. जिना चढून वर गेलं की समोर सुमारे दहा हजार चौरस फुटांचं दालन. बँडसाठी शेजारी-शेजारी दोन मंच होते. एका बँडचं वाजवून झालं की दुसरा लगेच उचलून धरायचा, त्यामुळे संगीत थांबतच नसे. लाकडी जमिनीला मुद्दाम लवचीकपणा ठेवलेला होता आणि ती इतकी तुडवली जाई, की दर तीन वर्षांनी बदलावी लागे. एका कोपऱ्यात फक्त पट्टीच्या नर्तकांनी नाचायचं, असा अलिखित नियम होता. लिंडी हॉप हा जोडीने करायचा नाच याच जमिनीवर वाढला. फ्रँकी मॅनिंग या नर्तकाने १९३५ साली जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून पुढं उतरवण्याची हवेतली पहिली चाल याच सॅवॉयमध्ये करून दाखवली.

आणखी एक गोष्ट सॅवॉयला वेगळं ठरवायची. तिथं काळे आणि गोरे एकाच जमिनीवर नाचत. जवळच कॉटन क्लब होता. तिथं रंगमंचावर काळे कलावंत आणि टेबलांवर फक्त गोरे प्रेक्षक.

हार्लेमचा हा काळ संगणकात उभा करण्याचा सर्वांत जुना मोठा प्रयत्न म्हणजे ‘व्हर्च्युअल हार्लेम’. ब्रायन कार्टर या साहित्याच्या अभ्यासकाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मिझुरी विद्यापीठात तो सुरू केला. त्या काळचे कवितासंग्रह आणि कादंबऱ्या वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना ती माणसं ज्या रस्त्यांवरून फिरली ते रस्ते दिसावेत, हा त्यामागचा हेतू. आधी तो खास प्रयोगशाळांतल्या महागड्या यंत्रणेवर चाले. पुढं ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात गेला आणि घरच्या संगणकावरून तिथं पोहोचता येऊ लागलं. कॉटन क्लबही त्यात होता. असा क्लब पुन्हा बांधायचा, तर दाराशी काय करायचं? पाहुण्यांना सरसकट आत सोडलं तर इतिहास खोटा पडतो आणि कातडीच्या रंगावरून अडवलं तर जुना अपमान नव्याने घडतो. नाचघराचं दार बांधताना सुताराला न पडणारा हा प्रश्न आभासी जगातल्या बांधणाऱ्याला सोडवावा लागतो.

सेकंड लाइफ ही सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने २००३ साली खुली केलेली दुनिया. तिथं जमीन भाड्याने घ्यायची, हवं ते बांधायचं आणि आपल्या अवताराने त्यात वावरायचं. जोडीने नाचायची रीत तिथं सुरुवातीपासूनच ठरून गेली. जमिनीच्या वर एक निळा आणि एक गुलाबी गोळा तरंगत असतो. एकाने निळ्यावर, दुसऱ्याने गुलाबीवर क्लिक केलं की दोघांचे अवतार एकमेकांना धरून वॉल्ट्झ किंवा टँगो सुरू करतात. खरी माणसं खुर्चीतच असतात. नाच आधीच भरून ठेवलेला असतो: अंगावर खुणा लावलेल्या नर्तकाच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपायच्या, त्यांची फाइल करायची आणि ती अवताराच्या सांगाड्यावर चढवायची. अशी एकेक फाइल फार तर मिनिटभराची असते, म्हणून तोच तुकडा फिरून फिरून येत राहतो. गाण्याची लय बदलली तरी पावलांना त्याचा पत्ता नसतो. लयीला जुळेल असा दुसरा तुकडा नाचणाऱ्यानेच निवडायचा.

मापांचीही पंचाईत असते. अवतार अनेकदा सात फुटांच्या आसपास उंच असतात आणि बघणाऱ्याचा कॅमेरा त्यांच्या डोक्यामागे, थोडा वर तरंगतो. त्यामुळे बांधणारे दारं-छतं अवाढव्य करून ठेवतात आणि जुन्या खोल्यांचा दाटपणा हरवतो. ‘१९२० चं बर्लिन’ या प्रकल्पाने याला ठाम नकार दिला. २००९ पासून चालू असलेल्या या वस्तीत घरं, जिने, दारूचे गुत्ते खऱ्या मापाचे आहेत आणि पाहुण्यांनी त्या काळचा पोशाख घालूनच यावं असा दंडक आहे. बुटका अवतार घेऊन, जुनी टोपी घालून अरुंद जिन्याने तळघरातल्या नाचाला उतरलं की जागा ओळखीची वाटू लागते, असा तिथल्या रहिवाशांचा अनुभव.

गर्दी मात्र कुणालाच उभी करता आलेली नाही. सॅवॉयमध्ये एका रात्री चार हजारांपर्यंत माणसं मावत. ११ मे १९३७ रोजी चिक वेब आणि बेनी गुडमन यांच्या बँडांची जुगलबंदी ऐकायला लोटलेल्यांतले हजारो जण रस्त्यावरच राहिले होते. आभासी जगात एका जागी शंभराच्या आसपास अवतार जमले की यंत्रणा धापा टाकू लागते. दहा हजार चौरस फुटांची जमीन काही तासांत आखता येते. ती भरायची कशी, याचं उत्तर नाही.

मग शिकवणं? दुरून नाच शिकवण्याची धडपड तशी जुनीच. १७०० साली पॅरिसमध्ये राउल-ऑजे फ्यूये याने नाचाची लिपी छापली. त्यात वरून पाहिल्यासारखी जमिनीवरची वाट आणि तिच्यावर पावलांच्या खुणा असत. ती वाचून युरोपभरचे नृत्यशिक्षक फ्रेंच दरबारी नाच बसवू लागले. १९२० च्या दशकात अमेरिकेत आर्थर मरे हा नृत्यशिक्षक पावलांचे कागदी ठसे टपालाने पाठवत असे. ते जमिनीवर मांडायचे आणि त्यांवर पाय ठेवत फॉक्सट्रॉट शिकायचा. डोळ्यांवर चढवायचा हेडसेट याच्या बराच पुढं गेला. शिक्षक समोर पूर्ण उंचीचा उभा असतो, त्याच्याभोवती फिरून टाच कधी उचलली ते पाहता येतं, आणि भलामोठा आरसा हवा तिथं उभा करता येतो.

‘व्हीआरचॅट’ या जगात नाचणाऱ्याचं स्वतःचं शरीर हलतं. डोक्यावर हेडसेट, दोन्ही हातांत नियंत्रक, शिवाय कंबर आणि दोन पावलं यांवर बांधलेले ट्रॅकर, अशा सहा ठिकाणांवरून अवताराची हालचाल ठरते. ‘वी मेट इन व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा २०२२ साली सनडान्स महोत्सवात दाखवलेला माहितीपट संपूर्णपणे याच जगात चित्रित झाला. त्यात बेली डान्सचा एक वर्ग दिसतो. शिक्षिका आणि विद्यार्थी कोरोनाच्या काळात आपापल्या घरात अडकलेले, पण कंबरेच्या हालचाली एकमेकांना पाहून दुरुस्त होत असतात. एकट्याने करायचे नाच या माध्यमात चांगले शिकवता येतात, याचा तो पुरावाच.

जोडीचा नाच अडतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे वेळ. लिंडी हॉपमध्ये मिनिटाला १८० ठेके ही सर्रास लय. म्हणजे एक ठेका सेकंदाचा तिसरा हिस्सा. मुंबईहून न्यूयॉर्कला इंटरनेटवरून निरोप जाऊन परत यायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. त्यात दोघांच्या कानांत तेच गाणं थोडं पुढंमागं पोहोचतं. मुंबईतल्याला समोरचा उशिरा पाऊल टाकतोय असं वाटतं, आणि समोरच्याचीही तीच तक्रार.

दुसरं अडतं ते वजन. लिंडीतला मूळ प्रकार म्हणजे स्विंगआउट. आठ ठेक्यांत जोडी जवळ येते, फिरते आणि हाताच्या टोकाशी ताणली जाते. पुढची चाल कोणती, हे त्या ताणातूनच कळतं. हातातल्या नियंत्रकाची थरथर म्हणजे तो ताण नव्हे.

हे अंतर आभासी जगापुरतंच नाही, हे स्वीडनच्या नर्तकांनी हेडसेट येण्याच्या कितीतरी आधी अनुभवलं. १९८० च्या दशकात त्यांनी ‘हेल्झापॉपिन’ या १९४१ च्या चित्रपटातला लिंडी पुन्हा पुन्हा पाहून शिकायला घेतला. आकृती जमली, पण पकडीचा अंदाज येईना. तेव्हा त्या चित्रपटात नाचलेल्या ॲल मिन्सला त्यांनी न्यूयॉर्कमधून शोधून १९८४ साली स्टॉकहोमला बोलावलं. नंतर आला फ्रँकी मॅनिंग. नाचाला उतरती कळा लागल्यावर त्याने तीस वर्षं टपाल खात्यात नोकरी केली होती. सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा शिकवू लागला आणि २००९ साली निधन होईपर्यंत देशोदेशी फिरला. २००२ साली सॅवॉयच्या जागी बसवलेल्या स्मृतिफलकाचं अनावरण त्याने आणि सॅवॉयची नर्तकी नॉर्मा मिलर हिने केलं, तो दिवस २६ मे हाच, मॅनिंगचा वाढदिवस.

म्हणून जाणते शिक्षक आभासी नाचघराकडून नेमक्या गोष्टी मागतात. मंच कुठं होता, पट्टीचे नर्तक कुठं नाचत, इतक्या दाटीत कोपर किती आत ठेवावं लागे, हे तिथं उभं राहून समजतं. चार्ल्सटनसारखे सुटे पदन्यास तिथं घोटून घेता येतात. हात धरण्याचा धडा खऱ्या दालनासाठी राखून ठेवायचा.

सॅवॉयच्या या गोष्टीत मुंबईचंही एक ठिकाण आहे. सॅवॉय उघडलं त्या वर्षी तिथं वाजवणाऱ्या ‘सॅवॉय बेअरकॅट्स’चा म्होरक्या व्हायोलिनवादक लिऑन ॲबी १९३५ साली आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तिथल्या नाचघरात मुंबईने हार्लेमचा स्विंग समोर बसून ऐकला. या संगीताची गोडी लागलेल्या गोव्याच्या वादकांपैकी अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, पुढं संगीतकार सी. रामचंद्र यांच्या साथीला गेला, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात भगवानदादांच्या पावलांना तीच लय मिळाली. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ च्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात या सगळ्याची छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं गोळा केली आहेत. ताजचं ते नाचघर संगणकात बांधायचं कुणी मनावर घेतलं, तर भिंती आणि बँड यांसाठी तिथपासून सुरुवात करता येईल. पावलांसाठी मात्र वांद्रे, माझगाव, मडगाव इथल्या त्या पिढीच्या नर्तकांना आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांना गाठावं लागेल, आणि ते काम आधी करायला हवं.