शॉकअप फेकणार की खोलणार?

पिकअप घेतली की पहिला खर्च कशावर होतो? जाडजूड टायर, टपावर एलईडीची रांग आणि मागे एक झकास स्टिकर! शॉकअप? ते तर कंपनीने दिलेत की राव! पण गाडी उंच दिसणं वेगळं आणि खड्ड्यातून बाहेर पडल्यावर चाक जमिनीला चिकटून राहणं वेगळं. चाक हवेत असेल, तर ब्रेक दाबून उपयोग काय?

हे तपासायला पेण ते रोहा हा साधारण ४० किलोमीटरचा पट्टा मस्त आहे. मुंबई-गोवा हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळात वडखळ-नागोठण्याच्या खड्ड्यांनी किती शॉकअपचा जीव घेतला, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल! नागोठण्यानंतर भिसे खिंडीची वळणं आणि मग रोह्याला कुंडलिकेचा काठ. आयटीत काम करणाऱ्या एका मित्राच्या डबल-कॅब पिकअपमधून मी या रस्त्याने गेले. नदीजवळच्या कच्च्या वाटेवर पहिली दहा मिनिटं मजेत गेली. मग गाडीचा मागचा भाग अक्षरशः नाचायला लागला.

गाडी नाचते का?

साधा फंडा आहे. वजन पेलतात ते स्प्रिंग किंवा मागचे पाटे. शॉकअपचं काम म्हणजे त्यांचं उसळणं थांबवणं. आतला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, हालचालीची ताकद उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते. खडबडीत रस्त्यावर हे सतत चाललं की तेल तापतं, पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस येतो. फेसाळलेलं तेल पिस्टनला अडवणार कसं?

पिकअपची आणखी एक गोची म्हणजे तिचे पाटे मालासाठी बनवलेले असतात. गाडी रिकामी असली की ती हमखास उसळते. हे पेणच्या गणपती नेणाऱ्या ड्रायव्हरांना पक्कं ठाऊक आहे. एक जण मला म्हणाला, “ताई, भरपूर माल असला तर गाडी गुमान चालते. मूर्ती हलक्या, म्हणून पाटे मारतात. खाली पेंढा टाकायचा आणि पाय आवरायचा.” मागे बाप्पा असला की सस्पेन्शनचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही!

अपग्रेड म्हणजे काय?

साध्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी असते. तिच्यात तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो. त्यामुळे फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. फॉक्स, किंग अशा रेसिंगमधून आलेल्या ब्रँडच्या काही शॉकअपना बाजूला तेलाची वेगळी टाकीही असते. जास्त तेल म्हणजे तापायला जास्त वेळ.

पण खरी गंमत पुढे आहे. मित्राचा शॉकअप पेणच्या एका गॅरेजमध्ये उतरवला. मेकॅनिकने रॉड हाताने दाबला, तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. “हा संपला. आणि तोंड दाबून बंद केलंय, खोलता येत नाही.” बाइकच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील नाक्यावरचा मेकॅनिकही बदलतो. पिकअपचे बहुतेक कंपनी-फिटेड शॉकअप मात्र थेट भंगारात जातात. म्हणून महागडा सेट घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: हा खुलतो का? सील किट मिळतं का?

रिबिल्डमध्ये आधी गॅस सोडतात. मग शॉकअप खोलून काळं पडलेलं तेल काढतात, रॉडवर ओरखडे किंवा गंज आहे का ते बघतात. सील, वायपर आणि बुश नवे बसवतात. पिस्टनवरच्या पातळ चकत्या तुमच्या वजनाप्रमाणे बदलता येतात. शेवटी नवं तेल भरायचं, हवेचा शेवटचा बुडबुडाही काढायचा आणि नायट्रोजन भरायचा. हा उद्योग घरी नको! दाबाखालचा शॉकअप चुकीचा खोलला तर आतले भाग गोळीसारखे उडतात.

खिसा आणि कायदा

इम्पोर्टेड सेटची किंमत एका चांगल्या बाइकइतकी सहज होते. त्यामुळे आधी स्वतःला विचारा, महिन्यातून एक वीकएंड की दर रविवारी चिखल? पहिलं असेल, तर चांगल्या कंपनीचे नवे साधे शॉकअप पुरेत. आणि उंची वाढवायचा मोह आवरा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. मूळ मापाचा शॉकअप घेतलेला बरा.

तपासणी मात्र फुकट आहे. बाहेर तेलाचा ओघळ दिसतोय? टायर लाटेसारखा झिजलाय? ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं? खडबडीत रस्त्यानंतर चारही शॉकअपजवळ जपून हात न्या. तीन गरम आणि एक थंड असेल, तर तो थंड शॉकअप कामावर येतो, पण काम करत नाही. असे लोक ऑफिसात चालतात, गाडीखाली नाही!