घरी मराठी, शेजारी इंग्रजी आणि शाळेत हिब्रू : लहान मुलाला हे झेपेल का?

अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क परिसरात राहणाऱ्या मराठी पालकांसमोर कधी कधी एक अनपेक्षित पर्याय येतो. घराजवळची चांगली, लहान वर्गांची शाळा हिब्रू भाषेची असते. मूल चार-साडेचार वर्षांचे असते, घरी आजी-आजोबांशी मराठी बोलते, इंग्रजी नुकतीच कुठे जुळू लागलेली असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. मुलाचा गोंधळ होईल का? बोलणे मागे पडेल का? आणि एखादी भाषा बंद करायची झाली तर कोणती?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. कोणतीही भाषा बंद करायची गरज नाही, मराठी तर मुळीच नाही.

शाळा नेमकी कोणत्या प्रकारची आहे?

'हिब्रू शाळा' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे खासगी ज्यू शाळा किंवा बालवाडी. तिथे फी असते, धार्मिक शिक्षण असते आणि सुट्ट्या ज्यू पंचांगाप्रमाणे असतात. दुसरी म्हणजे हिब्रू चार्टर शाळा. ती सरकारी पैशावर चालते, फी नसते, प्रवेश सर्व धर्मांच्या मुलांना खुला असतो आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. सरकारी शाळा असल्यामुळे तिथे धर्म शिकवता येत नाही, फक्त भाषा आणि संस्कृती शिकवता येते. फ्लोरिडातील हॉलिवूड येथे २००७ मध्ये सुरू झालेली बेन गमला, ब्रुकलिनमधील २००९ ची हिब्रू लँग्वेज अकॅडमी आणि न्यू जर्सीच्या ईस्ट ब्रन्सविकमधील २०१० ची हतिक्वा ही या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे.

'इमर्शन' म्हणजे भाषा हा एक विषय म्हणून न शिकवता गाणी, खेळ, गणित, चित्रकला हे सगळे त्या भाषेतून करणे. पूर्ण इमर्शनमध्ये सुरुवातीला जवळजवळ सगळा दिवस नव्या भाषेत जातो, अंशतः इमर्शनमध्ये दिवसाचा काही भाग. चार्टर शाळांमध्ये बहुधा दुसरा प्रकार असतो. ही कल्पना आपल्याला परकी नाही. घरी फक्त मराठी ऐकलेली आपल्यातली कितीतरी मुले एके दिवशी इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसली आणि शिकली. फरक एवढाच की चांगल्या इमर्शन शाळेत शिक्षकांना मुलाची भाषा कळते, मूल घरच्या भाषेत बोलले तर त्याला शिक्षा होत नाही आणि हावभाव, चित्रे, कृती यांतून अर्थ पोचवण्याचे शिक्षकांनी प्रशिक्षण घेतलेले असते.

हिब्रूच्या बाबतीत तर ही पद्धत भाषेच्या पुनर्जन्माशीच जोडलेली आहे. शतकानुशतके प्रार्थना आणि ग्रंथांपुरती उरलेली ही भाषा रोजच्या बोलण्यात आणली ती मुलांनी. एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेले आणि १८८२ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाशी त्यांनी फक्त हिब्रूच बोलायचे ठरवले. पुढे रिशोन लेझियोन या वसाहतीत १८८६ मध्ये हिब्रू माध्यमाची शाळा आणि १८९८ मध्ये बालवाडी निघाली. घरी यिडिश किंवा इतर भाषा ऐकणारी मुले तिथे हिब्रू शिकून घरी नेऊ लागली. बेन येहुदांचा मुलगा फार उशिरा बोलू लागला असे सांगतात आणि काही जण ते 'भाषेच्या हट्टाचा' पुरावा म्हणून वापरतात. त्या मुलाला इतर मुलांपासून आणि इतर भाषांपासून मुद्दाम दूर ठेवले होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. तुमच्या मुलाची परिस्थिती याच्या अगदी उलट आहे.

बोलायला उशीर होतो का?

नाही. दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलते, हा समज संशोधनात टिकलेला नाही. बहुभाषिक मुले पहिला शब्द, दोन शब्दांचे वाक्य हे टप्पे साधारण त्याच वयात गाठतात. गैरसमज होतो तो शब्द मोजण्याच्या पद्धतीमुळे. तीन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे फक्त इंग्रजी शब्द मोजले तर ते कमीच भरतात. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू मिळून त्याला किती गोष्टींची नावे येतात ते मोजायला हवे. म्हणूनच डॉक्टरकडे जाताना मुलाच्या मराठी शब्दांची यादी घेऊन जा. तिथल्या डॉक्टरला मराठी येत नसते आणि ती बाजू तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

'आई, मला मायिम दे' असे मूल म्हणाले तर घाबरू नका. मायिम म्हणजे पाणी. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हा गोंधळ नसून हाताशी असलेला शब्द वापरणे आहे. आपण मोठी माणसेही 'जरा एसी ऑन कर' असेच म्हणतो. 'पाणी हवंय का? हे घे पाणी' असे सहज म्हणून पुढे जा. दुरुस्ती करत बसू नका.

मराठी मुलाला हिब्रूतल्या काही गोष्टी इंग्रजी मुलापेक्षा सोप्याही जातात. बोलतो-बोलते यांसारखा लिंगभेद हिब्रूत आहे : तो मेदाबेर, ती मेदाबेरेत. तीन व्यंजनांच्या धातूपासून शब्द फुटतात. कातव म्हणजे त्याने लिहिले, मिख्ताव म्हणजे पत्र, क्तिवा म्हणजे लेखन. आपल्याकडे अरबीतून आलेला 'किताब' याच कुळातला. लिपीत २२ अक्षरे, त्यांपैकी पाचांचे शब्दाच्या शेवटी रूप बदलते. मुलांच्या पुस्तकांत स्वरांसाठी ठिपके आणि रेघा देतात. वेलांटी-उकार माहीत असलेल्या पालकाला ही कल्पना पाच मिनिटांत कळते. मोठ्यांच्या लेखनात हे ठिपके नसतात, शब्द ओळखून वाचावा लागतो. ती पायरी नंतर येते.

वाचनाचे काय?

इथे पालकांची काळजी अगदी निराधार नाही. इमर्शनवरचा गाजलेला प्रयोग १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे झाला. इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीच आग्रह धरून आपल्या मुलांसाठी फ्रेंच माध्यमाचा बालवर्ग सुरू करून घेतला. पहिल्या एक-दोन वर्षांत ही मुले इंग्रजी वाचनात मागे दिसली, आणि शाळेत इंग्रजी वाचन शिकवायला लागल्यावर लवकरच बरोबरीला आली. असेच चित्र नंतरही अनेक ठिकाणी दिसले. सुरुवातीची ही पिछाडी अपेक्षित आहे हे आधी माहीत नसेल, तर पालक पहिलीच्या मध्यावर घाबरतात आणि मूल जम बसण्याच्या बेतात असतानाच शाळा बदलतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. सेंट लँबर्टच्या मुलांना घरी भरपूर इंग्रजी मिळत होती. तुमच्या घरी इंग्रजी जवळजवळ नसेल आणि शाळेतही पूर्ण दिवस हिब्रू असेल, तर इंग्रजी कुठून येणार याचा विचार करायला हवा. अशा मुलासाठी मी पूर्ण इमर्शनपेक्षा अर्धा दिवस इंग्रजी असलेली शाळा सुचवेन.

उजवीकडून डावीकडे लिहिल्यामुळे डिसलेक्सिया होत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी काढणे एकाच लिपीत शिकणाऱ्या मुलांतही सर्रास दिसते. हिब्रूत बेत आणि काफ, दालेत आणि रेश ही अक्षरे दिसायला जवळची, जसे आपले घ आणि ध. चुका होणारच. पण घरात आई-वडील किंवा भावंडांना वाचनाची अडचण असेल तर शाळेला पहिल्याच दिवशी सांगा. अक्षर-ध्वनीची सांगड, यमक ओळखणे, शब्दातला पहिला आवाज सांगणे या गोष्टी मराठीतही तपासता येतात. त्या मराठीतही जमत नसतील तर दोष हिब्रूचा नाही आणि तपासणी लांबवू नये.

गप्प बसणारे मूल

नव्या भाषेच्या वर्गात मूल काही आठवडे, कधी काही महिने, फारसे बोलत नाही. ते ऐकत असते, सूचना पाळते, गाण्यावर हात हलवते, खुणेने मागते. हा शांत काळ नेहमीचा आहे. 'आज हिब्रूत काय शिकलास, बोलून दाखव' असा तगादा लावू नका, विशेषतः पाहुण्यांसमोर.

मात्र मूल घरी भरभरून बोलते आणि शाळेत कोणाशीच, कोणत्याच भाषेत, अगदी इंग्रजी येणाऱ्या मित्राशीही बोलत नाही, हे महिनोन्‌महिने चालू आहे, आणि बाथरूमला जायचे किंवा दुखते आहे हेही सांगत नाही, तर तो भाषेचा प्रश्न नसू शकतो. निवडक मूकता हा चिंतेचा एक प्रकार असतो. 'लाजाळू आहे, सुटेल' म्हणून वर्ष घालवले तर तो घट्ट होतो. लवकर लक्षात आला तर वर्तनोपचारांनी बऱ्यापैकी सुधारतो.

कान आधी तपासा

शाळेच्या चर्चेत ही गोष्ट हमखास विसरली जाते. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणे फार सामान्य आहे. दुखत नाही, ताप नसतो, फक्त कानात बोळा घातल्यासारखे ऐकू येते. ओळखीच्या भाषेत मूल अर्धे ऐकून उरलेले अंदाजाने भरून काढते. नव्या भाषेत, तेही गोंगाटाच्या वर्गात, अंदाज करायला काहीच नसते. टीव्हीचा आवाज वाढवणे, 'काय?' असे सारखे विचारणे, पाठमोरे असताना हाक न ऐकणे ही लक्षणे पाहा. पाणी तीन महिने टिकले तर श्रवणचाचणी करून घ्यावी. जन्माच्या वेळची चाचणी ठीक होती यावर विसंबू नका.

काही अडचण आधीपासूनच असेल तर?

पुढील बाबतींत शाळा कोणतीही असो, तपासणी लगेच हवी : १२ महिन्यांपर्यंत बडबड किंवा खुणा नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे गेले. इथे 'शब्द' म्हणजे कोणत्याही भाषेतला शब्द.

अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी राज्याची लवकर मदत योजना असते. तीन वर्षांनंतर तुमच्या भागातल्या सरकारी शाळा विभागाकडे लेखी मागणी केली की मूल्यमापन मोफत होते. मूल खासगी शाळेत असले तरी ही मागणी करता येते. मूल्यमापन शक्य तोवर मुलाच्या स्वतःच्या भाषेत व्हावे असे कायदा सांगतो, म्हणून मराठी दुभाषा हवा असल्याचे त्याच पत्रात लिहा.

भाषेची अडचण, स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला आजही काही ठिकाणी मिळतो. त्याला आधार नाही. अशी मुलेही दोन भाषा त्यांच्या त्यांच्या गतीने शिकतात आणि दुसरी भाषा काढून घेतल्याने पहिली सुधारत नाही. खरा प्रश्न वेगळा असतो : त्या इमर्शन शाळेत वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक आहेत का? अनेक लहान शाळांत ते पुरेसे नसतात. तसे असेल तर हिब्रू कितीही आवडली तरी शाळा बदलण्याचा विचार रास्त आहे.

मराठी का सोडायची नाही

याचे उत्तर खुद्द इस्राएलमध्ये सापडते. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, मुले हिब्रू शाळांत गेली आणि हिब्रू उत्तम शिकली. दिमोना, अश्दोद, लोद इथल्या ज्येष्ठांच्या तोंडी मराठी टिकली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले, पण नातवंडांची भाषा हिब्रू झाली. शाळेची भाषा मुलाला हमखास येते, कारण तिच्यामागे मित्र, शिक्षक आणि सगळा दिवस असतो. मराठीमागे फक्त तुम्ही आहात. तुम्हाला सहज न येणाऱ्या इंग्रजीत मुलाशी बोलायला लागलात तर गोष्टी, चेष्टा, रागावणे, समजूत काढणे सगळेच तोकडे होते, आणि भाषा वाढते ती याच गप्पांवर.

निर्णय घेण्यापूर्वी

बहुभाषिक मुले जास्त हुशार होतात, त्यांची एकाग्रता वाढते, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. काही जुन्या अभ्यासांत तसे दिसले, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ठामपणे दिसले नाही. तेवढ्यासाठी शाळा निवडू नका.

वर्गात तासभर बसून पाहा. शिक्षक कृतीतून समजावतात की नुसते मोठ्याने पुन्हा बोलतात? रडणाऱ्या मुलाची समजूत त्याला कळणाऱ्या भाषेत काढतात का? इंग्रजी वाचन कोणत्या इयत्तेत, आठवड्यात किती तास? घरी कोणालाच हिब्रू येत नसताना गृहपाठाचे काय? बसचा प्रवास किती? चार वर्षांच्या मुलाला डुलकी धरून दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते आणि सकाळी साडेसहाच्या बससाठी ती कापली जात असेल तर कोणतीच भाषा नीट शिकता येणार नाही.

आणि किती वर्षे राहणार? दोन वर्षांनी दुसऱ्या राज्यात बदली ठरलेली असेल तर हिब्रू बहुतेक विसरली जाईल, कारण लहान वयात शिकलेली भाषा न वापरल्यास तितक्याच लवकर जाते. त्यात इजा काही नाही. तेवढ्या दोन वर्षांसाठी ती शाळा, ते शिक्षक आणि ते अंतर तुम्हाला पसंत आहे का, एवढेच पाहायचे. प्रवेश घेतला तर पहिल्या सत्राच्या शेवटी शिक्षकांना भेटा आणि मूल किती बोलते यापेक्षा त्याला किती समजते, कोणाशी खेळते, डबा संपवते का, हे विचारा.