शेजारचा कुत्रा, आपली झोप आणि दोन घरांचे नाते

दसरा झाला की गेवराईच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, पत्रे, बाजा, लहान लेकरे, कधीकधी एखादी शेळीसुद्धा गाडीत चढते. नवरा-बायकोचा कोयता मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतो. तो पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे, दारांची कुलुपे आणि कुत्री.

हा लेख त्या कुत्र्यांविषयी आहे. वाचक बंधू-भगिनींना विषय क्षुल्लक वाटेल. पण एक पत्र्याची भिंत मध्ये आणि दोन घरे, अशी आपली वस्ती असते. तिथे शेजारचे कुत्रे रात्रभर भुंकले तर काय होते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. यावरून बोलाचाली होते, बोलाचालीवरून शिवीगाळ होते, आणि शिवीगाळीत एकदा जात निघाली की कुत्रे बाजूला राहते आणि वस्तीचे दोन भाग पडतात.

आमच्याच घरची गोष्ट

आमच्या पलीकडच्या घरातली मुले-सुना तोडीला गेली आणि घरात एकटी आजी उरली. तिच्या सोबतीला मोत्या. पहिल्या आठवड्यापासून मोत्याने जो सूर धरला, तो थांबेना. रस्त्याने माणूस गेला की भुंकणे, मोटारसायकल गेली की भुंकणे, कोणी नसले तर उगाच आभाळाकडे तोंड करून रडणे.

आमच्या घरात तिघांची झोप पणाला लागली होती. वडील जिनिंगवर रात्रपाळीला पहारा करीत आणि सकाळी येऊन झोपत. मुलगी दहावीला होती आणि पहाटे चारला अभ्यासाला उठे. आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला रात्रीची पाच-सहा तास झोप, हीच काय ती विश्रांती. महिनाभरात मुलगी पुस्तकावर डुलक्या घेऊ लागली. वडिलांचा पहाऱ्यावर डोळा लागला आणि मालकाची बोलणी खावी लागली. म्हणजे प्रश्न आता झोपेचा राहिला नव्हता, भाकरीचा झाला होता.

तेव्हा आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. आधी घरातूनच ओरडलो. मग पत्र्यावर काठी आपटली. एका रात्री दगड भिरकावला. दर वेळी मोत्या दुप्पट भुंकला. गल्लीतल्या एकाने कानात सांगितले, ‘कापसावर मारायचं औषध घरात आहे ना? भाकरीला लावा, सकाळी गल्ली शांत.’ खोटे कशाला सांगावे, थकलेल्या मनाला तो सल्ला एक क्षण बरा वाटला होता. पण सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणाऱ्या घराने तो विचार मनात येऊ दिला, याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आजीकडे गेलो. मनात भांडण होते, पण सोबत चहा-साखरेची पुडी घेतली होती. ‘आजी, मोत्या रात्रभर भुंकतो हो,’ म्हटले. आजीने कानाला हात लावला. पुन्हा मोठ्याने सांगितले. तेव्हा ती म्हणाली, ‘भुंकतो व्हय? मला तर काय ऐकू येत न्हाई माय. मला वाटलं तुमीच रोज रातच्याला कुणाशी भांडता.’

आम्ही महिनाभर ज्या बाईवर राग धरून होतो, तिला ते भुंकणे ऐकूच येत नव्हते! आणि तीही महिनाभर आम्हाला भांडखोर समजत होती.

कुत्रे का भुंकते?

मग आम्ही मोत्याकडे नीट पाहिले. साखळी दोन हात लांब. बांधलेला रस्त्याच्या तोंडाशी. पाण्याचे मडके कोरडे. ‘सोडलं की हमरस्त्यावर जातो, ट्रकाखाली येईल,’ ही आजीची भीती खरी होती, कारण सोलापूर-धुळे हमरस्ता गेवराईतूनच जातो. पण पूर्वी पोरांबरोबर रानात हिंडणारे जनावर दिवसरात्र एका खुंट्याला. त्याने भुंकायचे नाही तर काय करायचे?

कुत्रे माणसाच्या सोबतीला येऊन किमान चौदा-पंधरा हजार वर्षे झाली. त्याचा पूर्वज लांडगा फारसा भुंकत नाही. भुंकणारा राखणदार माणसाला उपयोगी पडला, म्हणून भुंकणारी कुत्री माणसाने जवळ केली, असे अनेक जाणकार मानतात. म्हणजे भुंकणे हा कुत्र्याचा खोडसाळपणा नव्हे. त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. आपल्याला जास्तीत जास्त वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्याला चाळीस हजारांच्याही पलीकडचा ऐकू येतो. आपल्याला जिथे शांतता वाटते तिथे त्याला घूस, मांजर, दूरचे कुत्रे असे सगळे ऐकू येत असते.

भुंकण्याचेही प्रकार आहेत. कोणी आले की मोठ्याने, तुटक भुंकणे म्हणजे राखण. एका सुरात तासन्‌तास भुंकणे किंवा रडणे म्हणजे बहुधा एकटेपणा. याशिवाय भूक, तहान, ऊन, गोचिड, कानातली जखम, म्हातारपण आणि माजावर आलेली कुत्री ही कारणे असतात. कारण कळल्याशिवाय उपाय करणे म्हणजे रोग न पाहता गोळी देणे.

यासाठी सोपी युक्ती म्हणजे वही. आमच्या मुलीने आठ दिवस वहीत लिहून ठेवले, किती वाजता भुंकला, किती वेळ, तेव्हा काय घडत होते. आठवड्यात उघड झाले की रात्रीचे भुंकणे दोनच वेळा जोरात असे. एक रात्री दहाच्या पुढे, आजी दार लावून झोपली की. दुसरे पहाटे, दुधाच्या आणि भाजीच्या गाड्या सुरू झाल्या की. पहिले एकटेपणाचे, दुसरे राखणीचे.

काय केले आणि काय जमले

खुंटा रस्त्यावरून काढून मागच्या बाजूला, आजीच्या खोलीच्या दाराशी नेला. रस्ता दिसू नये म्हणून खताच्या रिकाम्या पोत्यांचा आडोसा शिवून लावला. साखळीच्या जागी लांब दोर आला. पाण्याचे मडके सावलीत ठेवले आणि ते भरायचे काम आमच्या धाकट्याने घेतले. सकाळी वडील कामावरून येताना आणि संध्याकाळी मुलगी, असे दोन वेळा त्याला फिरवून आणू लागले. दमलेले कुत्रे झोपते, हे दमलेल्या माणसांना वेगळे सांगायला नको. भाकरी दुपारऐवजी रात्री नऊला द्यायची ठरली.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आपण ओरडायचे नाही. आपण घरातून ओरडतो तेव्हा कुत्र्याला कळते ते इतकेच, की माणसेही आपल्याबरोबर भुंकताहेत. तो भुंकत असताना भाकरी टाकली तर भुंकले की भाकरी मिळते, हे तो शिकतो. म्हणून तो गप्प झाला की लगेच तुकडा द्यायचा आणि पाठ थोपटायची. पहिले चार-पाच दिवस मोत्या उलट जास्तच भुंकला. इथेच बहुतेक लोक हात टेकतात. धीर धरला पाहिजे.

पंधरा-वीस दिवसांत रात्रीचे रडणे जवळजवळ थांबले. पहाटेचे थोडे राहिलेच. त्याबद्दल तक्रार नाही. भुंकणार नाही ते कुत्रे कसले? मुलगी परीक्षेला झोप काढून बसली. चैत्रात आजीची मुले परत आली तेव्हा मोत्या कोणाचा, असा प्रश्न पडला. दोन्ही घरे त्याची झाली होती.

काही गोष्टी मात्र कधी करू नयेत. कुत्र्याचे तोंड दोरीने बांधू नये. कुत्रे जीभ काढून धापा टाकूनच अंगातली उष्णता घालवते. मराठवाड्याच्या उन्हात तोंड बांधले तर जीव जाऊ शकतो. गरम पाणी टाकणे, मारणे यांनी कुत्रे गप्प होत नाही, चावरे होते. एकाएकी भुंकण्याची रीत बदलली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. आणि चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

शेजारी ऐकतच नसेल तर?

सगळ्यांना आजीसारखा शेजार मिळत नाही. एखादा म्हणतो, ‘कुत्रं माझं, दार माझं, तुम्हाला काय करायचंय?’ अशा वेळी पायरी-पायरीने जावे.

पहिली पायरी, एकट्याने आणि रागात जाऊ नये. रात्री दोनला दार वाजवू नये, सकाळी जावे. दोन्ही घरे मानतात अशी दोन वडीलधारी माणसे न्यावीत आणि वही पुढे ठेवावी. ‘तुमचे कुत्रे वाईट’ असे म्हणण्यापेक्षा ‘आमच्या पोरीची परीक्षा आहे’ असे म्हणावे. खेडेगावात असाल तर १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या अशाच तंट्यांसाठी होत्या. जिथे ती माणसे अजून मान राखून आहेत तिथे त्यांचा उपयोग करावा.

दुसरी पायरी, लेखी अर्ज. नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत वहीतल्या नोंदींसह अर्ज द्यावा, पाच-सहा शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि पोच घ्यावी.

तिसरी पायरी, कायदा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. त्या नियमांचा रोख भोंगे, वाद्ये, फटाके, यंत्रे यांवर आहे; पण शांततेचे माप त्यातून मिळते. सार्वजनिक उपद्रवाबद्दल १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली १००० रुपयांपर्यंत दंड आहे. उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्ती आणि स्त्रिया यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

कायदा कुत्र्याच्या बाजूनेही आहे, हे विसरू नये. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावराला फार आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा मालकाचा गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपयेच, पण गुन्हा तो गुन्हा. शेजाऱ्याला ही गोष्ट सांगितली तर कुत्र्याचेही भले आणि आपलेही. उलट, विष घालून कुत्रे मारले तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. रागाच्या एका रात्रीपायी घरचा कमावता माणूस आत गेला तर लेकरांनी कोणाकडे पाहायचे?

आणि आपल्याच दारात कुत्रे असेल तर? हा लेख आपल्याकडे बोट दाखवतो असे समजावे. तोडीला जाताना कुत्र्याचे काय, हे घरातल्या धान्याइतकेच आधी ठरवून जावे. शेजाऱ्याला सांगून जावे, त्याच्याकडे दोन पायल्या ज्वारी ठेवावी, लस टोचून ठेवावी.

फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. त्यात रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि बाबासाहेबांचे आवडते कुत्रे टॉबीही आहे. राज्यघटनेत १९७६ साली जोडलेल्या मूलभूत कर्तव्यांत, कलम ५१ क मध्ये, प्राणिमात्रांवर दया हेही नागरिकाचे कर्तव्य म्हणून आले. पण दया म्हणजे आपल्या लेकरांची झोप गमावणे नव्हे. कुत्र्याचा दोर लांब करावा, पाण्याचे मडके भरावे आणि शेजाऱ्याच्या दारात दिवसाउजेडी जाऊन बसावे. पुष्कळ वेळा भुंकणाऱ्या कुत्र्याला आणि न झोपणाऱ्या माणसाला एकाच गोष्टीची गरज असते. कोणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावे.