अमेरिकेतील मध्यावधी निवडणुका आणि आर्थिक स्थिती

आपल्याकडे ‘मध्यावधी निवडणूक’ म्हटले की मुदतीपूर्वी विसर्जित झालेले सभागृह आठवते. अमेरिकेत मात्र ती राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर ठरल्या वेळी होते व प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागा पणाला लागतात. ही निवडणूक म्हणजे राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता आणि अर्थव्यवस्थेची वाटचाल यांवरील जनमत होय, असे प्रतिपादन एडवर्ड टफ्टी यांनी १९७५ साली केले. आर्थिक निकष म्हणून त्यांनी खर्चयोग्य वास्तव दरडोई उत्पन्नातील वार्षिक बदल घेतला. १९८२ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर गेली आणि रेगन यांच्या रिपब्लिकन पक्षाने २६ जागा गमावल्या. हे अपेक्षितच होते.

खरी अडचण २०१८ ची आहे. बेकारी चार टक्क्यांहून कमी असूनही ट्रम्प यांच्या पक्षाच्या सुमारे ४० जागा गेल्या. उलट जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला, तरी त्या वर्षी बायडेन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नुकसान ९ जागांपुरतेच राहिले. लोकप्रियतेत तर दोघेही मागेच होते. येथे टफ्टी यांचे मूळ गणित मतांच्या घटीचे होते, हे विसरता कामा नये. मते किती घटली यावरून जागा किती जातील हे ठरत नाही. आधी किती जिंकल्या होत्या, हेही पाहावे लागते. रिपब्लिकनांनी २०१६ मध्ये २४१ जागा जिंकल्या होत्या, तर डेमोक्रॅटांनी २०२० मध्ये केवळ २२२. शिवाय गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या जून २०२२ च्या न्यायालयीन निर्णयाने अनेक मतदारांपुढे महागाईखेरीज दुसराही प्रश्न उभा केला होता.