घरगुती राउटरमधील ‘कर्नल पॅनिक’ : निदान आणि अर्थकारण

देशातील डिजिटल पायाभूत सुविधांची चर्चा होते तेव्हा समुद्राखालील केबल, मोबाइलचे मनोरे, किंवा २०११ मध्ये मंजूर होऊन पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखला गेलेला ग्रामपंचायतींना जोडणारा प्रकल्प यांचा उल्लेख हमखास होतो. या साखळीचा शेवटचा दुवा मात्र घरातील भिंतीवर टांगलेली, दोन-चार दिवे लुकलुकणारी एक लहानशी पेटी असते. तिला राउटर म्हणतात. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी ही पेटी अचानक बंद पडून दोन मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, तर त्याआधीचा सारा सार्वजनिक खर्च त्या दोन मिनिटांपुरता निरुपयोगी ठरतो. ती बंद का पडते आणि कारण शोधणे ग्राहकाला इतके अवघड का जाते, हे प्रश्न तांत्रिक आहेत तसेच आर्थिकही आहेत.

राउटर हा वस्तुतः संगणकच होय. त्यात प्रोसेसर, काम चालू असताना वापरावयाची रॅम आणि आज्ञावली कायम साठविणारी फ्लॅश स्मृती असते. बहुसंख्य राउटरांवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. तिचा गाभा म्हणजे ‘कर्नल’. (सैन्यातील कर्नलशी याचा संबंध नाही, मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ कठीण कवचातील गर असा आहे.) स्मृतीचे वाटप, विविध कार्यांना प्रोसेसरचा वेळ देणे, वायफायच्या चिपशी संवाद साधणे आणि माहितीची पाकिटे योग्य दिशेला धाडणे ही कामे कर्नल करतो. एखादा साधा कार्यक्रम चुकला तर कर्नल त्याला बंद करतो. पण खुद्द कर्नलच चुकला, उदाहरणार्थ अस्तित्वात नसलेल्या स्मृती-पत्त्यावरून वाचू लागला, तर त्याच्या वर दाद मागण्यास कोणी नसते. अशा प्रसंगाला ‘ऊप्स’ म्हणतात, आणि पुढे जाणे अशक्य वा धोक्याचे ठरले की ‘पॅनिक’ घोषित होते.

टेबलावरील संगणक ऊप्सनंतरही कधीकधी लंगडत चालू राहतो. राउटरसमोर मात्र कोणी बसलेले नसते. म्हणून ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारख्या राउटर-प्रणालीत ऊप्स होताच पॅनिक घोषित करावे आणि तीन सेकंदांनी यंत्र पुन्हा सुरू करावे, अशी मूळ मांडणी असते. अनिश्चित अवस्थेत चालण्यापेक्षा अल्पकाळ बंद पडणे बरे, हा त्यामागचा हिशेब योग्यच आहे. त्याची किंमत अशी की राउटरच्या नोंदी सामान्यतः रॅममध्येच असल्याने यंत्र पुन्हा सुरू होताच त्या नाहीशा होतात.

निदानाची पहिली पायरी म्हणूनच अगदी साधी आहे. राउटरच्या व्यवस्थापन पानावर यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते पाहावे. इंटरनेट तुटले पण हा काळ वाढतच राहिला, तर दोष राउटर बंद पडण्याचा नाही. बहुधा तो बाहेरच्या जोडणीत आहे. काळ शून्यावर आला असेल तरच पुढे जावे. नंतर विजेचा अडॅप्टर तपासावा. जुना झालेला अडॅप्टर भार वाढताच पुरेसा दाब राखू शकत नाही आणि यंत्र पुन्हा सुरू होते. तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तितक्याच अँपिअरचा दुसरा अडॅप्टर काही दिवस लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग होय. बंद कपाटात किंवा उन्हाच्या भिंतीवर ठेवलेल्या यंत्राची जागा बदलणे हा दुसरा.

याने भागले नाही तर पुरावा मिळवावा लागतो. काही यंत्रांत कर्नल मरतेवेळची आपली नोंद रॅमच्या राखून ठेवलेल्या कोपऱ्यात लिहितो. या सोयीला ‘रॅमऊप्स’ म्हणतात. यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले तर हा कोपरा सहसा शाबूत राहतो, वीज तोडली तर पुसला जातो. म्हणजे चिडून प्लग उपटणारा ग्राहक नकळत पुरावाच नष्ट करीत असतो. दुसरा मार्ग म्हणजे पेटी उघडून आतील सिरियल जोडणीद्वारे अखेरचा मजकूर दुसऱ्या संगणकावर पकडणे. हे काम जाणकारांचे आहे.

हाती आलेल्या नोंदीत चूक घडली त्या क्षणी कोणते फंक्शन कोणी बोलावले याची उतरंड असते. तीत प्रत्येक वेळी वायफायच्या ड्रायव्हरचेच नाव दिसत असेल तर संशय तेथे जातो. प्रत्येक वेळी वेगळेच ठिकाण दिसत असेल तर सदोष रॅम, उष्णता किंवा वीज यांचा विचार करावा. ‘स्मृती संपली’ असा मजकूर असेल तर यंत्रावर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक कामे लादली आहेत, किंवा एखादा कार्यक्रम घेतलेली स्मृती परत करीत नाही. आणि नोंदच नसेल, तर तेही सूचक आहे : वीज गेल्यास, किंवा गोठलेल्या यंत्राला ‘वॉचडॉग’ नावाच्या घड्याळाने थेट पुन्हा सुरू केल्यास, कर्नलला काही लिहिण्याची सवड बहुधा मिळत नाही.

येथून अर्थशास्त्र सुरू होते. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस आला. त्यात लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर परवान्यातील अटीनुसार २००३ मध्ये कंपनीला मूळ आज्ञावली खुली करावी लागली, आणि तिच्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. २००५ मधील पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून रॅम १६ वरून ८ मेगाबाइट आणि फ्लॅश ४ वरून २ मेगाबाइटवर आणली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल ही वेगळी आवृत्ती विक्रीस आली. दुकानातील दोन पेट्या बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसत. आतील फरक ग्राहकाला कळण्याची सोय नव्हती.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणातून मांडलेली असममित माहितीची समस्या ती हीच. अँटेना मोजता येतात, म्हणून स्पर्धा अँटेनांवर होते. कर्नल किती जुना आहे आणि किती वर्षे दुरुस्त्या मिळतील हे दिसत नाही, म्हणून त्यावर खर्च करणाऱ्या उत्पादकाला बक्षीस मिळत नाही. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये १२७ घरगुती राउटर तपासले, तेव्हा त्यांपैकी ४६ राउटरांना वर्षभरात एकही सुरक्षा-सुधारणा मिळालेली नव्हती. त्यातच चिप-उत्पादकांचे ड्रायव्हर पुष्कळदा बंदिस्त असतात. असा ड्रायव्हर भरलेल्या कर्नलवर ‘दूषित’ अशी खूण उमटते, आणि तेथील बिघाडाच्या तक्रारी लिनक्सचे विकासक सहसा हाती घेत नाहीत, कारण जी आज्ञावली वाचताच येत नाही तिच्यातील दोष ते शोधणार कसे? उत्पादक वॉरंटीकडे बोट दाखवितो, इंटरनेट-सेवा देणारा उत्पादकाकडे, आणि निदानाचा खर्च ग्राहकाच्या माथी राहतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून जोडणीक्षम उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षा-सुधारणा किमान किती काळ देणार हे जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा सायबर लवचीकतेचा कायदाही २०२४ मध्येच संमत झाला. त्याच्या मुख्य तरतुदींसाठी डिसेंबर २०२७ ही मुदत आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने या क्षेत्रांवर भर आहे. दुरुस्ती म्हणजे सुटे भाग, ही समजूत येथे अपुरी पडते. ज्या पेटीचा दोष आज्ञावलीत आहे तिला सुटा भाग कोणता देणार? पेटीवर निर्मितीच्या तारखेशेजारी सुधारणांची अखेरची तारीख छापण्याची सक्ती हा उपाय फार खर्चिक नाही, आणि किंमत ठरविताना बाजाराला तिची दखल घेणे भाग पडेल.