छोट्या विमानाची आज्ञापेटी

विमान लहान असो वा मोठे, ते चालकाच्या आज्ञेत राहिले पाहिजे. मोठ्या विमानाचा चालक आत बसलेला असतो. हौसेने बांधलेल्या छोट्या विमानाचा चालक मात्र शेताच्या बांधावर उभा असतो, आणि त्याच्या आज्ञा ट्रान्समीटर नावाच्या पेटीतून रेडिओलहरींवर जातात. अमेरिकेत वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ साली असे विमान उडविले. आता ही पेटी बाजारात तयार मिळते. तथापि तिला प्रत्येक विमानाचे धडे निराळे द्यावे लागतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील काही मुलांनी फोमचे विमान बांधले व पेटी घेऊन ती आमच्याकडे आली. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो होतो. पेटीच्या पडद्यावरील यादीपुढे त्या दोहोंचा काही उपयोग झाला नाही.

प्रथम पेटीत त्या विमानाच्या नावाने एक नवे पान उघडावयाचे. मग पेटी व विमानातील रिसीव्हर यांची परस्परांशी ओळख करून द्यावयाची. यास बाइंडिंग म्हणतात. त्यानंतर खरी परीक्षा दिशांची. विमानाच्या शेपटीमागे उभे राहून दांडी उजवीकडे सरकविली की उजव्या पंखाची झडप वर व डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीची आडवी झडप वर उचलली पाहिजे. उलट झाले तर पेटीतच त्या चॅनेलची दिशा बदलता येते. जमिनीवर ही चूक अर्ध्या मिनिटात सुधारते. विमान उडाल्यावर ती सुधारावयास अवधी मिळत नाही. दांडीच्या मध्याजवळ झडपा हळुवार हलाव्यात म्हणून ‘एक्स्पो’ नावाची सोय असते. नवशिक्याचा हात थरथरतो, त्याला तिचा मोठा आधार वाटतो.

हे सर्व आम्ही रविवारच्या मिस्सानंतर, पंखा मोटरीवर तसाच ठेवून करीत होतो. बॅटरी जोडलेली होती. मोटर एका खटक्याने बंद ठेवण्याची सोय पेटीत होती, परंतु ‘ते मागाहून पाहू’ असे आम्हीच म्हटले होते. आमच्या झग्याची बाही वेगाच्या दांडीला लागली. पंखा गरकन फिरला व विमान धरून बसलेल्या मुलाच्या बोटाला लागला. तीन टाके पडले.

सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिले, बसावयास सांगितले, आणि मग विचारले, “फादर, तो पंखा काढून ठेवायला किती वेळ लागतो?” आम्ही म्हणालो, “एक मिनिट.” त्यावर ती माउली काहीच बोलली नाही. तिने रागावून घेतले असते तर आम्हांला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रथमपासून आरंभ केला. पंखा काढला व मोटर बंद ठेवणारा खटका नेमला. मग ‘फेलसेफ’ची पाळी आली. पेटीचा संदेश तुटला तर विमानाने काय करावे, हे आधीच ठरवून देणे म्हणजे फेलसेफ. काही रिसीव्हर अशा वेळी शेवटची आज्ञाच धरून बसतात. मोटर जोरात असेल तर ती तशीच चालू राहते व विमान कोणाच्या घरावर जाईल याचा नेम नसतो. म्हणून संदेश तुटताच मोटर थांबावी असे ठरवून द्यावयाचे, आणि पंख्याविना मोटर चालवून, मुद्दाम पेटी बंद करून, ती खरोखर थांबते की नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे. आमची पहिल्या वेळी थांबली नाही! मुलांनी पुन्हा यादी वाचली. दुसऱ्या वेळी थांबली. एरव्ही मात्र उड्डाण संपल्यावर आधी विमानाची बॅटरी काढावयाची व मगच पेटी बंद करावयाची.

विमान पुढे उडाले, दोनदा पडले, व पुन्हा चिकटविले गेले. बोट बरे झाले. पंखा आता त्या मुलाच्या आईच्या ट्रंकेत असतो. शेतावर निघताना मुले तो मागावयास जातात, तेव्हा ती उंबऱ्यातच विचारते, “पेटी बंद करून पाहिली का?”