ईदच्या ओढणीची दोरंगी किनार

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की घराघरांत ईदच्या कपड्यांची बोलणी सुरू होतात. शिंप्याकडे कापड देऊन झाले, की उरते ते बारीक काम. ओढणीची किनार, टोपीची कड, इफ्तारीच्या ताटावर झाकायचा रुमाल. हे काम क्रोशाने करणाऱ्या पुष्कळ आहेत. टॅटिंगने करणाऱ्या थोड्या. पण ज्यांच्या हाताला टॅटिंगची सवय आहे, त्यांच्या किनारीला एक वेगळाच रेखीवपणा असतो.

टॅटिंग म्हणजे बोटभर लांबीच्या, होडीसारख्या शटलवर गुंडाळलेल्या दोऱ्याने, सुई न वापरता, निव्वळ गाठींनी केलेली लेस. विणकराचा धोटा आणि ही शटल एकाच कुळातली. तुर्कस्तानात बायकांच्या रुमालांना जी रंगीत किनार करतात, तिला ‘ओया’ म्हणतात. त्यातल्या एका प्रकाराला ‘मेकिक ओया’ म्हणजे धोट्याची किनार असेच नाव आहे. इटलीत याच कामाला ‘गप्पाटप्पा’ अशा अर्थाचा शब्द आहे. चार जणी एकत्र बसल्याशिवाय हे काम होत नसावे, असेच त्यावरून वाटते. आपल्याकडच्या साडीच्या ‘पिको’लाही या लेसशी नाते आहे. टॅटिंगमध्ये दोन गाठींच्या मध्ये सोडलेल्या बारीक फासाला ‘पिको’च म्हणतात.

गाठ तीच, काम उलटे

पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावाला गाठींची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर लागतात आणि जाळी दुरुस्तीला निघतात. चपट्या सुईवर दोरा गुंडाळायचा, मापाच्या पट्टीवर फास घ्यायचा, गाठ आवळायची. पाहणाऱ्याला वाटते, हेच ते टॅटिंग. फरक एकच, पण मोठा आहे. जाळ्याची गाठ सरकली तर मासा गेला. टॅटिंगची गाठ सरकली नाही तर लेस गेली. इथे गाठी आतल्या दोऱ्यावर मण्यांसारख्या सरकाव्या लागतात, तेव्हाच दोरा ओढून गोल रिंग बंद होते. जाळ्याला दुसऱ्या रंगाचे ठिगळ लागले तरी कुणी बोट दाखवत नाही. ओढणीवर मात्र चुकीच्या रंगाचा एक ठिपकासुद्धा समोरच्या बाईला पहिल्यांदा दिसतो.

आणि इथेच दोन रंगांची अडचण सुरू होते.

रंग कोणत्या दोऱ्याचा दिसतो?

शटलवर हिरवा आणि रिळावर पांढरा दोरा घेतला, तर रिंगा हिरव्या येतात आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी पांढऱ्या. कारण साधे आहे. रिंगेत आतला दोरा आणि गाठ घालणारा दोरा, दोन्ही शटलचेच. कमानीत मात्र शटलचा दोरा आत दडतो आणि रिळाचा त्याच्यावर वेढे घेतो. दिसतो तो वेढ्याचा रंग. हे एकदा ध्यानात आले की निम्मे प्रश्न कागदावरच सुटतात. म्हणून शटल भरण्याआधी नक्षी रंगीत पेन्सिलीने काढून घ्यावी. बंद झालेली रिंग उसवणे फार जिकिरीचे असते, बहुतेकदा कात्रीच लावावी लागते.

आता रिंगांचा रंग मध्येच बदलायचा असेल तर? दुसरा दोराही रिळावर न ठेवता दुसऱ्या शटलवर भरावा. जिथे बदल हवा तिथे बुटाची नाडी बांधताना पहिली जी साधी गाठ मारतो, ती दोन्ही दोऱ्यांची मारावी. दोऱ्यांच्या जागा बदलतात, आतला बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. गाठ रिंगेच्या बुडाशी बसते आणि सहसा दिसत नाही.

एकच रिंग अर्धी हिरवी, अर्धी पांढरी हवी असेल तर काम थोडे अवघड. पहिली बाजू नेहमीच्या रीतीने करावी. दुसऱ्या बाजूला दुसऱ्या शटलने गाठी घालाव्यात, पण त्या उलटू देऊ नयेत. तिथे दुसऱ्या शटलच्या दोऱ्यानेच वेढा घ्यायचा असतो.

सर्वांत जास्त रडवतो तो जोडावरचा ठिपका. पांढरी कमान हिरव्या रिंगेच्या पिकोला जोडली की त्या जागी नको तो रंग डोकावतो. फास पिकोतून खालून वर ओढला तर ठिपका एका अंगाला येतो, वरून खाली ओढला तर दुसऱ्या अंगाला. किनारीची दर्शनी बाजू आधीच ठरवावी आणि प्रत्येक जोड त्या हिशेबाने घ्यावा. लेस उलटी धरून काम चालू असेल तर फासाची दिशाही उलटी करावी. शटलच्या आतल्या दोऱ्यानेच जोड घेतला तर तो दोरा तिथे हमखास बाहेर दिसतो. दोन रंगांत तो जोड शक्यतो टाळावा, नाहीतर तो ठिपका नक्षीत धरूनच चालावे.

राहिली दोऱ्याची टोके. हिरवे टोक हिरव्याच गाठींत दडवावे. पांढऱ्या गाठींखाली गडद टोक दडवले तर ते आतून सावलीसारखे दिसते.

दोन रंगांचा एक उपकार मात्र विसरू नये. शिकणाऱ्या मुलीची गाठ नीट उलटली नाही की रिंग अडते, आणि का अडली ते एका रंगात कळत नाही. दोन रंगांची कमान घातली तर चुकलेली गाठ लगेच पकडता येते. पांढऱ्या कमानीत तेवढीच हिरवी दिसते. म्हणून नवशिक्यांचा पहिला धडा दोरंगीच असावा.

धुण्याआधीची परीक्षा

तारापूर एमआयडीसीत कापड प्रक्रियेचे आणि रंग-रसायनांचे कारखाने आहेत. पक्का रंग आणि कच्चा रंग यांतला फरक या भागात अनेकांना कामामुळेच ठाऊक असतो. लाल, मरून, गडद हिरवा दोरा पांढऱ्याच्या जोडीला घेण्याआधी त्याचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेवावा. डाग पडला तर तो दोरा बाजूला ठेवावा. पंधरा दिवसांची मेहनत पहिल्या धुण्यात गुलाबी झाली, तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

पैशांचा हिशेब आधीच आखूड असतो. गिऱ्हाईक किनार हाताने मोजते, गाठी कुणी मोजत नाही. दोरा जितका बारीक तितका वेळ जास्त, ४० नंबरपेक्षा ८० नंबरचा अधिक बारीक. म्हणून दर ठरवताना आधी एक वीत करून घड्याळ पाहावे आणि मगच आकडा सांगावा. मुदतीचेही तसेच. चंद्र एकोणतिसाव्या रोजालाच दिसला तर ईद दुसऱ्याच दिवशी. तिसावा रोजा हाताशी आहे असे धरून चालणाऱ्या कारागिरणीची चाँदरात जागरणात जाते. काम सत्ताविसाव्या रोजापर्यंत हातावेगळे व्हावे, हे बरे.

ज्यांना विकायचे नाही, त्यांनी ताटावरच्या रुमालापासून सुरुवात करावी. इफ्तारीचे ताट रुमालाने झाकून शेजारी जाते आणि शेजारची बाई ते रिकामे परत पाठवत नाही. रुमाल दोन्ही घरांत उलटासुलटा पाहिला जातो, तेव्हा मागची बाजूही स्वच्छ हवी. वीतभर पट्टी आधी करून पाहावी, व्हायच्या त्या चुका तिच्यावरच होऊ द्याव्यात. रुमालाला उरलेले रोजे पुरतात.